धुडाचा आवाज

कुरकुरते ती मीच. सागवानी, दोन हातांची, वेताच्या बैठकीची खुर्ची. बसणाऱ्याने जरा अंग हलवलं की माझा मागचा डावा पाय खाचेत सरकतो आणि मी बोलते. खुर्चीने गप्प राहावं अशी जगाची अपेक्षा असते. माझं नशीब मात्र या कुरकुरीनेच उघडलं.

आधी मी एका कचेरीत होते. साहेब बोलू लागले की मी मध्येच तोंड घालायची, म्हणून माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून भंगारात निघाले आणि आवाजवाल्यांच्या हाती लागले.

आवाजवाले म्हणजे कार्टून मालिकांना आवाज पुरवणारे गृहस्थ. बंद खोलीत पडद्यासमोर उभे राहून ते सुकी पानं चुरगाळत, की पडद्यावर कुणीतरी जंगलातून चालू लागे. त्यांची लेक काचेपलीकडे बसून ते सगळं ध्वनिमुद्रित करी. काम ती बापाकडूनच शिकली होती.

तेव्हा एक नवी मालिका आली. डोंगराएवढं केसाळ जनावर आणि त्याच्या पाठीवर बसून हरवलेलं घर शोधणारी एक मुलगी. जादूच्या दऱ्या, काळ्या पाण्याच्या नद्या, सगळं होतं. संवाद मात्र औषधालाही नव्हते. त्या जनावराला सगळे धूड म्हणत, आणि धुडाचा आवाज काही केल्या जमत नव्हता. आवाजवाले वैतागून माझ्यावर बसले, वाकून गुडघे चोळू लागले, आणि मी सवयीने कुरकुरले.

काचेपलीकडून लेक म्हणाली, "बाबा, उठू नकोस. परत तसंच वाक."

दोन सीझन मी धूड होते. ते पुढे झुकले की धुडाला काळजी वाटे, मागे रेलले की त्याचं पोट भरे. मला जरा शिंगं फुटली होती, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या सीझनला आवाजवाले माझ्यावर बसले. बसलेत की नाही असं वाटावं, इतके हलके. सैल सदऱ्यात इतरांना काही दिसत नव्हतं, पण खुर्चीपासून वजन लपत नाही. ते हलले, मी गप्प. पुन्हा हलले, मी गप्पच. मी इतके दिवस कुणाच्या जिवावर बोलत होते, ते मला तेव्हा कळलं.

वाळवंटातल्या पावलांसाठी खोलीत वाळू असायची. ती त्यांनी एका कापडी पिशवीत भरली आणि काचेकडे पाठ करून पिशवी मांडीवर घेऊन बसले. मग मी बोलले. लेक नसताना डॉक्टरांना ते फोनवर सांगत होते, "एवढा सीझन होऊ द्या. लेकीला कळलं तर ती खोलीला कुलूप लावेल." ऐकून मला फार वाईट वाटलं. पण मी धुडासाठी बोलू शकते, स्वतःसाठी नाही.

शेवटचा भाग आला. मुलीला घर सापडतं. दार तिच्या मापाचं असतं, धूड त्यातून आत मावत नाही. ती आत जाते आणि धूड एकदाच, लांब आवाज करून मागे फिरतं. त्या आवाजासाठी ते पुढे वाकले, पिशवी घसरली आणि धप्पकन खाली पडली.

लेक आत आली.

"हे काय बाबा?"

"वाळू."

"ते दिसतंय. मांडीवर कशाला?"

"खुर्ची ऐकत नव्हती."

तिने त्यांचं मनगट धरलं. तिची बोटं पूर्ण फिरून एकमेकांवर आली.

"कधीपासून?"

"सीझनच्या आधीपासून."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर बसू दिलं असतंस?"

तिने मनगट सोडलं नाही. मग म्हणाली, "जुने आवाज आहेत आपल्याकडे. त्यातला एखादा लावते. तू घरी चल."

"जुन्यात धूड कुणाला सोडून जात नाहीये गं. एवढं एकदा त्याला बोलू दे. मग तू म्हणशील तिथे येतो."

तिने नाक पुसलं, जाऊन ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि परत आली. पिशवी पायाने बाजूला सारली. मग माझ्या डाव्या हातावर, सैल पायाच्या बाजूला, बापाच्या खांद्यावर हात टाकून बसली. दोघं मिळून हळूहळू पुढे वाकले आणि मी बोलले. इतकं लांब मी कधीच बोलले नव्हते. त्यात दोघांचे श्वासही आले. तिने ते काढून टाकले नाहीत.

तो भाग लोकांपर्यंत पोचला तेव्हा आवाजवाले नव्हते.

आता मी लेकीच्या घरी खिडकीपाशी असते. मध्यंतरी भिंतीवर फळी ठोकायला सुतार आला होता. मला हलवून बघत म्हणाला, "ताई, एक पाचर मारतो. आवाज बंद होईल."

"तिला हात लावू नका," ती म्हणाली.

संध्याकाळी ती चहा घेऊन येते आणि माझ्या डाव्या हातावर बसते. बैठकीवर कधीच नाही. ती जागा ती रिकामी ठेवते.

पोरी, एकदा बैठकीवर बस. तुझ्या एकटीच्या वजनाने मी बोलेन की नाही, मलाही ठाऊक नाही. पण बसून तर बघ.