आधी आपल्या पोटात

“आई, किती खाल्ल्यात?” सिंकवर ओणव्या झालेल्या सासूची पाठ चोळत रेखाने विचारलं.

“मूठभर. रात्री भिजवल्या, सकाळी चावून खाल्ल्या. काळ्या मनुका खाते तशाच,” म्हणता म्हणता लतिकाकाकूंना पुन्हा उलटी झाली.

शेजारच्या हेलनबाईंनी परसातल्या एल्डरबेरी, म्हणजे झुडपाची बारीक काळी फळं, वाळवून बरणीभर दिल्या होत्या. खोकल्यावरचं औषध, एवढं त्यांच्या इंग्रजीतून काकूंना कळलं. पुढचं ऐकून घ्यायची त्यांना गरज वाटली नाही. मिरजेच्या वैद्यांच्या लेकीला वाळलेल्या फळाचं काय करायचं ते कुणी सांगावं?

१९८५चा तो हिवाळा. परदेशातल्या पार्सिपनी गावात मराठी घरांत कुणाचा खोकला हटेना की काकूंना फोन यायचा. त्यांचा अडुळसा-ज्येष्ठमधाचा काढा चार गल्ल्यांत पोचला होता.

“नशीब, पलीकडच्या गल्लीतल्या शैलाच्या बाळाला दिल्या नाहीत!” रेखा नर्स होती, तिचा आवाज चढला. “धिस इज सीरियस, आई. आजपासून काढे बंद. मी सगळ्यांना फोन करून सांगते.”

“बाळाला कशी देईन? नवं औषध आधी आपल्या पोटात, मग दुसऱ्याच्या. माझ्या वडिलांचा, अण्णांचा नियमच होता तो.”

पण रेखाने फोन केले. काकूंना उलट्यांपेक्षा ते जास्त लागलं. नवरा गेल्यावर मुलाकडे येताना त्यांना एकच धास्ती होती, आपण तिथे नुसत्या भाजी चिरायला उरू. ती आता खरी होऊन बसली.

दोन दिवसांनी अंगात जरा त्राण आल्यावर त्या बरणी घेऊन हेलनबाईंकडे गेल्या. पोट धरून, तोंड वेडंवाकडं करून त्यांनी काय झालं ते दाखवलं. हेलनबाईंनी कपाळावर हात मारला आणि पातेलं काढलं. मूठभर फळं, भरपूर पाणी, घड्याळाकडे बोट करून अर्धा तास खळखळ उकळी. मग फडक्यातून गाळून मध.

“अगं बाई, हा तर काढाच!” काकू मराठीतच म्हणाल्या. “आणि मी शहाणी कच्च्याच खात बसले.”

फेब्रुवारीत रेखाच ड्यूटीवरून खोकत आली. तीन दिवस गोळ्या झाल्या. चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“आई, हेलनच्या त्या एल्डरबेरी... नीट बॉइल करता येतील?”

काकूंनी घड्याळ लावून काढा उकळला, गाळला, दोन कप भरले. आपला पिऊन टाकला आणि रेखाचा झाकून ठेवला.

“मला?”

“थांब. आधी माझं पोट काय म्हणतं ते बघू.”

दोघी टेबलाशी बसून राहिल्या. तासाभराने काकूंनी कप पुन्हा गरम करून पुढे सरकवला. रेखाने तो संपवला.

तेवढ्यात फोन वाजला. रेखाने उचलला. “हाय शैला... खोकला? तुलाच ना, बाळाला नाही?” ती क्षणभर थांबली. “हो, आहेत ना. थांब, त्यांनाच विचार.”

आणि तिने रिसीव्हर सासूपुढे धरला.