अनिकटचं मूळ

तोंडी परीक्षा, तंजावूर. शेवटचा प्रश्न : 'अनिकट' या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि मूळ.

"नदीवरचा बंधारा," वासुकी म्हणाली. "मूळ तमिळ, सर. अणै म्हणजे बांध, कट्टु म्हणजे बांधणं."

"चूक. पाणी कापतो म्हणून 'कट'. आमच्या पुस्तिकेत आहे. तसं म्हणा आणि गाइडचा परवाना घेऊन जा."

दोनदा नापास झालेल्या वासुकीच्या तोंडाशी घास आला होता. तरी ती म्हणाली, "सर, मी मराठी घरातली. तमिळचा कैवार कशाला घेऊ? पण हे तिरुवैयारुच्या शेतकऱ्यासमोर बोलले, तर तो मला बंधाऱ्यावरून ढकलून देईल."

"मग पुढच्या वर्षी या."

"येईन. उत्तर हेच असेल."

बाहेर येऊन तिने पुढच्या वर्षीचा अर्ज मागितला आणि तिथेच उभ्याने भरला.