येताना दूध आणा

“वहिनी, ही किल्ली धरा,” तारमामा म्हणाला. “ माझ्या घरातला फोन वाजला की उचला, एवढंच काम.”

शेजारीणबाई ओले हात पदराला पुसत म्हणाल्या, “उचलून बोलू काय, भाऊजी? तुमच्याशी तर मी भिंतीतूनसुद्धा भांडू शकते.”

“काहीही बोला. तार तोडायच्या आधी पलीकडून माणसाचा आवाज यावा लागतो.”

असा काही नियम नव्हता बरं का. तो तारमामाचा स्वतःचा कायदा. जन्मभर टेलिफोनच्या तारा जोडल्या आणि तोडल्या. कुणाचं घर विकलं, कुणाचं भावाशी बिनसलं, कुणी देवाघरी गेलं, पक्कड एकच. पण तोडण्याआधी तो खांबावरून, त्याच तारेवरून, स्वतःच्या घरी फोन लावायचा. बायको म्हणायची, “येतंय ऐकू. येताना दूध आणा.” घरात पातेलंभर दूध असलं तरी हेच. मग पक्कड चालायची.

“तोडायचीच तार, तिची परीक्षा कसली?” लोक हसायचे.

“फाशीच्या कैद्यालासुद्धा विचारतात, बाबा काय हवंय,” तो म्हणायचा. वर एक थाप ठेवून द्यायचा, की तारेवर बसून बसून एक कावळा शहाणा झाला, आता नुसता ‘राँग नंबर, राँग नंबर’ ओरडतो. पोरं खरं मानायची. मोठी माणसंही वर बघून घ्यायची.

बायको गेली तरी फोन लावायचा त्याचा कायदा सुटला नाही. कुलूपबंद घरात घंटा वाजायची. आपोआप थांबली की तो तार तोडायचा.

आज टेलिफोनचं ऑफिसच बंद होत होतं, आणि त्याच्याबरोबर तारमामाची नोकरीही. खांबावरच्या पेटीतली शेवटची उरलेली तार त्याच्याच घरची. साहेब म्हणाले, “रिकाम्या घरी वाजवून काय करणार? तोडा नि या खाली चहाला.” तो बरं म्हणाला आणि शेजारीणबाईंना किल्ली द्यायला घराकडे गेला. ही एवढी एक तार त्याला मुक्यानं तोडायची नव्हती.

खांबावर चढून त्यानं तपासणीचा फोन आपल्या तारेला जोडला. घंटा गेली. उचलला.

पलीकडे कुणी बोलेना. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी बाई, आज नुसता श्वास ऐकू येत होता. पक्कड तारेवर ठेवून तो थांबला.

“येतंय ऐकू,” शेजारीणबाई म्हणाल्या. भिंत पातळ, इतकी वर्षं ऐकलेलं. “येताना... दूध आणा.”

“आणतो,” तो म्हणाला. आणि तोडली.

संध्याकाळी तो खरंच दूध घेऊन आला. शेजारीणबाईंनी किल्ली दिली. पिशवीकडे बघितलं आणि आत गेल्या.

त्यानं पातेलं गॅसवर ठेवलं. दूध वर आलं की आतल्या खोलीतून ओरडून सांगणारं कुणीतरी असायचं. म्हणून आज तो तिथून हललाच नाही, झाकणी हातात धरून, दूध वर येईपर्यंत.