सासरा बोले हळूच

"तात्या, मोठ्यानं बोला की! मागं ऐकू येत नाही!"

असं ओरडणारा भोंगा पहिल्याच रांगेत, तात्यांच्या अगदी नाकासमोर उभा होता. प्लास्टरच्या टोळीचा तो म्होरक्या. आवाज असा, की त्यानं सातव्या मजल्यावरून पाणी मागितलं तर पलीकडच्या साईटवरचा माणूस बादली घेऊन यावा. त्याच्या मागची सगळी टोळी खदखदून हसली.

तात्यांनी घसा खाकरला. हातातलं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "तर मंडळी... परांचीवर चढल्यावर बेल्टचा हूक दोराला..."

"आम्हाला कशाला सांगताय?" भोंगा म्हणाला. "आधी जावयाला सांगा!"

सगळी डोकी एकदम मागे वळली. मागे सिमेंटच्या थप्पीला टेकून तात्यांचा जावई उभा होता. कमरेला बेल्ट होता, कारण बेल्टशिवाय वर सोडत नसत. पण हूक मात्र त्यानं टॉवेल टाकावा तसा खांद्यावरून मागे टाकला होता. त्यानं वर आभाळाकडे पाहिलं. तात्यांनी खाली आपल्या चपलांकडे पाहिलं.

"बरं... हळू रे सगळ्यांनी. हळू," एवढं पुटपुटून तात्यांनी सभा आटोपती घेतली.

त्यांचं नाव हळूतात्या पडलं होतं ते यामुळेच. ते बोलायचे हळू, चालायचे हळू, आणि शिडी चढणाऱ्या प्रत्येकाला "हळू रे" म्हटल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. खरं तर ते साईटचे स्टोअरवाले. पत्र्याच्या खोलीत बसून हेल्मेट, बेल्ट, हातमोजे द्यायचे आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायचे, हे काम त्यांनी जन्मभर केलं आणि त्यात ते सुखी होते. पण यंदा वरून हुकूम आला, की रोज सकाळी कामाआधी सगळ्यांना जमवून सुरक्षेच्या चार गोष्टी सांगायच्या. साईटच्या इंजिनिअर बाईंनी ते घोंगडं तात्यांच्या गळ्यात टाकलं.

"तुम्ही वयानं मोठे. तुमचं ऐकतील," बाई म्हणाल्या.

"बाई, घरात कुकरसुद्धा माझं ऐकत नाही," तात्या म्हणाले. पण तेही इतक्या हळू, की बाईंना ऐकूच गेलं नाही.

हूक ही काय अवघड गोष्ट होती? प्लास्टरची टोळी इमारतीबाहेर बांधलेल्या परांचीवर ओळीनं उभी राहायची. प्रत्येकासमोर दोन खांबांमधलं एक घर; पुढच्यानं पहिला हात मारायचा, मागच्यांनी त्यावरचे. कमरेच्या वर, खांबापासून खांबापर्यंत जाड दोर ताणलेला. त्या दोराला बेल्टचा हूक अडकवला, की पाय घसरला तरी माणूस जागच्या जागी लटकायचा. पण घर संपलं, की सगळ्यांनी एकदम उजवीकडे सरकायचं, आणि मध्ये खांब येत असल्यामुळे हूक काढून पुढच्या दोराला लावायचा. तिथंच घोडं अडत होतं. सकाळी पहिल्या घरात सगळे हूक लावायचे. दुसऱ्या घरात निम्मे. तिसऱ्या घरापासून पुढे हूक नुसते कमरेवर लोंबायचे.

जावयाचा तर पहिल्या घरातही लागत नसे. माणूस कामाला वाघ होता, निर्व्यसनी होता, तात्यांच्या मुलीला जपायचा. पण परांचीवर तो खारीसारखा पळायचा आणि आपण पळतो याचा त्याला अभिमान होता. "हूक लावून काम करणं म्हणजे दोरी बांधून गाय चारणं," असं तो म्हणे.

आता जावयाला बोलायचं कसं? लग्न होऊन वर्ष झालं होतं, पण तात्या अजून त्याला "अहो" म्हणत. घरी आला तर उठून उभे राहत. त्या माणसाला चारचौघांत "हूक लाव" म्हणायचं? तो साईटवरही त्यांना मामा म्हणून हाक मारी, आणि ती ऐकून टोळीतले सगळेच त्यांना मामा म्हणून चिडवत.

दर रविवारी मुलगी माहेरी यायची. चहा ठेवता ठेवता, पाठ वळवून, उगाच सहज विचारल्यासारखं विचारायची, "बाबा, हे लावतात ना हो हूक?"

"लावतात की," तात्या म्हणायचे.

आणि मग त्यांना चहा गोड लागायचा नाही. फार पूर्वीच्या एका साईटवर स्टोअरच्या दारात चपलांचा एक जोड राहिला होता. संध्याकाळी सगळे आपापल्या चपला घालून घरी गेले, तो जोड मात्र तिथंच राहिला. तात्या ते कुणाला सांगत नसत. पण मुलगी पाठ वळवून विचारायची, तेव्हा त्यांना तो जोड दिसायचा.

एके दिवशी सामान चढवायची लिफ्ट बंद पडली. लोखंडी नळ्यांचा भारा दोरानं वर ओढायचा होता. भोंगानं खाली उभं राहून हाळी दिली आणि टोळीनं वरून साथ. तो एक ओळ टाकायचा, बाकीचे तीनच शब्द ओरडायचे आणि त्या शब्दांवर सगळ्यांचे हात एकदम ओढले जायचे. एकही हात मागे नाही, एकही पुढे नाही. जावईसुद्धा ओढत होता, दात विचकून, मजेत.

तात्या स्टोअरच्या दारात बसून बघत होते. जो माणूस सांगितलेलं ऐकत नाही, तो गायलेलं ऐकतो, असं त्यांच्या मनात आलं आणि ते एकदम उभेच राहिले.

त्या संध्याकाळी त्यांनी गाणं रचलं. बायकोला म्हणून दाखवलं:

"साधने वापरू सुरक्षेची, चिंता मिटवू अपघाताची..."

बायको भाजी निवडायची थांबली. "अहो, हे गाणं आहे की नोटीस?"

"का? यमक जुळतंय की."

"जुळतंय हो. पण त्यावर माणसाचा हातसुद्धा हलायचा नाही."

तरी दुसऱ्या दिवशी तात्यांनी सगळ्यांसमोर ते म्हटलं. डोळे मिटून म्हटलं. डोळे उघडले तेव्हा अशी शांतता होती, की मिक्सरमधून थेंब पडलेला ऐकू आला. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि बांध फुटला. तात्या स्टोअरमध्ये गेले आणि दिवसभर हातमोज्यांच्या जोड्या लावत बसले. जोड्या आधीच लावलेल्या होत्या.

दुपारी परांचीवरून भोंगाची हाळी आली.

"सासरा बोले हळूच रे..."

"लाव रे हूक!" टोळी ओरडली.

"जावई फुगला उगीच रे..."

"लाव रे हूक!"

"लेक बसली वाट बघत..."

"लाव रे हूक!"

"सासू आली लाटणं फिरवत..."

"लाव रे हूऽऽक!"

आणि मग हसण्याचा असा गडगडाट, की परांचीवरची वाळू खाली सांडली. तात्यांचे कान गरम झाले. इंजिनिअर बाई तरातरा स्टोअरमध्ये आल्या.

"तात्या, मी आत्ताच्या आत्ता हे बंद करते. ही काय चेष्टा लावलीय?"

तात्या दारात येऊन वर बघत होते. टोळी एक घर उजवीकडे सरकत होती. भोंगानं पुन्हा हाळी दिली. "लाव रे हूक" म्हणताना प्रत्येक जण नाटकातल्यासारखा हात उंच करून, कमरेला झोका देऊन, हूक दोरावर आपटत होता. खट्! खट्! खट्! तात्यांची चेष्टा चालली होती. पण हूक लागत होते. खरेच लागत होते.

"बाई," तात्या म्हणाले, "राहू द्या."

"अहो, तुमची अब्रू काढतायत!"

"काढू द्या. ती खालीच आहे, आणखी कुठं पडायची?"

पुढचे काही दिवस साईटवर दुसरं काही ऐकू येईना. प्रत्येक घर सरकताना गाणं व्हायचं आणि गाण्याशिवाय सरकायला मजा येईना. रोज नवी ओळ. तात्यांचा चष्मा, तात्यांची छत्री, तात्यांचा डबा, सगळं त्या गाण्यात गेलं. पाचवं घर आलं तरी हूक लागत होते.

एक सोडून.

जावयानं तोंड फिरवलं होतं. गाण्यात त्याचीही टर उडत होती. टोळी जितकी गायची, तितका तो अडून बसायचा. आधी निदान हूक खांद्यावर असायचा, आता त्यानं तो मागे बेल्टमध्ये खोचून टाकला.

"गाण्यावर नाचायला मी काय माकड आहे?" तो भोंगाला म्हणाला. आणि खाली येताना तात्यांना म्हणाला, "मामा, तुमच्यामुळं माझं हसं होतंय."

तात्यांचा जीव टांगणीला लागला. सगळ्या टोळीचे हूक लागले आणि ज्याच्यासाठी जीव तुटत होता, त्याचाच सुटला. त्या रविवारी मुलीनं विचारलं तेव्हा त्यांना "लावतात की" म्हणता येईना. ते म्हणाले, "साखर जास्त झाली वाटतं." मुलीनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या कपात साखर घालायची राहूनच गेली होती.

सोमवारी टोळी सहाव्या मजल्यावर होती. पहिलं घर संपलं. भोंगानं हाळीसाठी तोंड उघडलं, आणि त्याआधीच खालून एक बारीक, कापरा आवाज आला.

"सासरा होता जावई जेव्हा..."

वर कुणाला कळेना काय चाललंय. भोंगानं वाकून खाली पाहिलं. अंगणाच्या मधोमध, वाळूच्या ढिगावर, हळूतात्या उभे होते. हेल्मेट घातलेलं, मान वर.

"ए, गप्प बसा!" भोंगा टोळीवर ओरडला. "तात्या गातायत!"

"सासरा होता जावई जेव्हा," तात्यांनी पुन्हा सुरुवात केली, "छपरावरती अडकला तेव्हा!"

"लाव रे हूक!" टोळीनं नकळत साथ दिली.

तात्यांनी दम घेतला. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. बायकोला माहीत होती, कारण ती तिच्या माहेरची होती. लग्नानंतर पहिल्यांदाच सासरी गेले असताना, आपण काय चीज आहोत हे दाखवायला तात्या गळकं छप्पर शाकारायला चढले होते. चढले झोकात. मग खाली पाहिलं आणि हातपायच गळाले. पुढे जाता येईना, मागे येता येईना.

"कौलं धरून रडला रे..."

"लाव रे हूक!"

"गल्लीभर बोभाटा झाला रे..."

"लाव रे हूक!"

"शिडी आणली शेजाऱ्यानं..."

"लाव रे हूक!"

"पाठीवर घेतला सासऱ्यानं!"

यावर साथ आलीच नाही. टोळीला हसू आवरेना. कुणी खांबाला मिठी मारून हसत होता, कुणी थापी टाकून डोळे पुसत होता. भोंगाच्या तोंडून तर आवाजच फुटेना, आणि हे साईटवर पहिल्यांदाच घडत होतं. इंजिनिअर बाई जिन्यात पायरीवर बसून हसत होत्या.

जावई परांचीच्या टोकाला उभा होता. त्यानं खूप प्रयत्न केला. ओठ दाबले, भिंतीकडे तोंड केलं. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"मामा!" तो वरून ओरडला. "खरंच पाठीवर?"

"खरंच!" तात्या ओरडले. चक्क ओरडले. "तुझ्या सासूला विचार!"

आपण जावयाला "तू" म्हणालो हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं. पण शब्द सुटला होता.

"मग रडलात का खरंच?"

"धाय मोकलून! म्हणून सांगतो ना, लेका, लाव की तो हूक!"

जावयानं पाठीमागे हात नेला, बेल्टमध्ये खोचलेला हूक ओढून काढला, आणि नाटकातल्यासारखा हात उंच करून, कमरेला झोका देऊन, दोरावर आपटला.

खट्.

पुढे त्या इमारतीवर काहीच झालं नाही. म्हणजे प्लास्टर झालं, रंग झाला, खिडक्या बसल्या, परांची उतरली. दोनदा फळी सरकली आणि दोनदा माणूस लटकून, शिव्या घालत, हसत परत उभा राहिला. सांगण्यासारखं याहून काही नाही. रविवारी मुलीनं विचारलं की तात्या म्हणायचे, "लावतो की!" आणि दुसरा कप मागायचे.

मग तात्या निवृत्त झाले. घरी बसले. नात झाली. ती त्यांच्या खांद्यावर बसून सगळ्यांनी ऐकावं इतक्या मोठ्यानं रडायची. "ही भोंगावर गेली," असं जावई म्हणे.

एके सकाळी तात्या बायकोबरोबर भाजी घेऊन परत येत होते. वाटेत एक नवी इमारत उभी राहत होती. ना ओळखीचा मालक, ना ओळखीचा माणूस. परांचीवर पाच जणांची टोळी ओळीनं उभी होती, आणि त्यातलीच एक अनोळखी मुलगी गळा काढून ओरडत होती,

"सासरा होता जावई जेव्हा..."

"लाव रे हूक!"

तात्या जागीच थबकले. बायकोही.

"घ्या," ती म्हणाली. "गावभर झालं. आता तरी लाज वाटू द्या."

तेवढ्यात वरून दोन नव्या ओळी आल्या, तात्यांनी कधीच न ऐकलेल्या:

"सासूनं त्याला घातली वेणी..."

"लाव रे हूक!"

"म्हणून उतरला पाठीवरुनी!"

"लाव रे हूक!"

"माझ्या आईनं कधी घातली हो तुम्हाला वेणी?" बायको फणकारली. "हे कुणी रचलं? थांबा, मी वरच जाते आणि विचारते!" पण बोलता बोलताच ती पदर तोंडावर धरून हसायला लागली. "चला आता. भाजी सुकतेय."

तात्या हलले नाहीत. मान एका बाजूला कलती करून ते ऐकत होते. वर हूक लागत होते. खट्. खट्. खट्. खट्. मग शांतता.

"अहो, चला ना!"

"थांब," तात्या हळूच म्हणाले. "एक राहिलाय."

दोघं रस्त्याच्या कडेला पिशव्या घेऊन उभी राहिली. जाणारी-येणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. वर कुणीतरी कुणाला तरी काही म्हणालं, कुणी हसलं.

खट्.

"चल," तात्या म्हणाले, आणि बायकोच्या हातातली जड पिशवी त्यांनी आपल्याकडे घेतली.