खुर्चीच्या पोटातले किडे

"पडले! पडले!"

मांडवात एकच गलका झाला. पाण्याने भरलेल्या परातीत मधोमध शेगडी, तिच्यावर पोट धरून वाकलेला रोगी आणि वरून चादर. किडेबाबांनी निखाऱ्यांवर मूठभर धुरी टाकली, दोन आरोळ्या ठोकल्या आणि चादर ओढली. परातीतल्या पाण्यावर पांढरे बारीक किडे तरंगत होते.

"डॉक्टरांच्या बापाला दिसले नाहीत, ते आम्ही धुरातून खेचले!" किडेबाबा गरजले. "आता गोळ्या बंद! गोळ्या म्हणजे किड्यांचा खुराक!"

मागच्या रांगेत ताई दातओठ खात उभी होती. ती डॉक्टर, परगावच्या इस्पितळात सूक्ष्मदर्शकाखाली रोगजंतू शोधणारी. शेजारी तिचा धाकटा भाऊ, महिनाभराच्या जुलाबांनी अगदी चिपाड झालेला. त्याच्या पोटात आईची किडनी बसवलेली होती. ती टिकावी म्हणून तो रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्यायचा, आणि बाबाच्या सांगण्यावरून त्याने त्याच गोळ्या सोडल्या होत्या.

घोडं पेंड खात होतं ते घरातच. "लग्न व्हायचंय त्याचं, किडनीचं कुठे बोलू नका," ही आईची ताकीद. गल्लीतल्या डॉक्टरला कुणी सांगितलं नाही, मग लॅबला कोण सांगणार? त्यांनी साधी तपासणी केली आणि लिहिलं, 'काही आढळले नाही.'

ताईने गावी येताच त्याच्या शौचाचा नमुना आपल्या इस्पितळात नेला आणि खास रंग वापरून पाहिला. कमरेला पट्टा बांधल्यासारखे गुलाबी दाणे दिसले. मायक्रोस्पोरिडिया नावाचे जंतू! हजार ओळीने मांडले तरी मिलिमीटर-दोन मिलिमीटर भरतील. धडधाकट माणसाला बहुधा फारसा त्रास नाही, पण प्रतिकारशक्ती दुबळी असली की आतडी पोखरतात. नेहमीच्या तपासणीत हे सहसा सापडत नाहीत, मुद्दाम शोधावे लागतात.

"तुझे किडे दिसत नाहीत, ताई," धाकटा म्हणाला होता. "बाबांचे मी डोळ्यांनी पाहिले. हे बघ, बाटलीत आणलेत."

ताईने बाटलीतला एक किडा काचेवर घेतला. तोंड नाही, आतडं नाही. होत्या त्या वनस्पतीच्या चौकोनी पेशी. शेपटाला बीचं अर्धं टरफलही चिकटलेलं. तेव्हाच तिने ठरवलं, याची माफी नको, फजिती हवी. तीही याच्याच मांडवात.

"बाबा, आमचाही एक रोगी आहे," ती पुढे होत म्हणाली.

"आण बेटी, बसव."

चेल्यांनी परातीतलं पाणी बदलताच ताईने बाबांचीच लाकडी खुर्ची उचलून शेगडीवर ठेवली आणि चादर टाकली. "फार करकरते हो बिचारी. पोट साफ नसेल."

लोक हसले. तेवढ्यात तिने बाबांच्या पिशवीतली मूठभर धुरी निखाऱ्यांवर टाकली. चेले धावले, तसा धाकटा आडवा आला. "थांबा! मला बघायचंय."

आत तडतड झाली. ताईने चादर ओढली. परात किड्यांनी भरली होती.

"अगं बाई, खुर्चीला जंत!" एक आजी ओरडल्या आणि मांडव हसून लोळला.

"धुरी कसली, बिया आहेत या!" ताई मोठ्याने म्हणाली. "तापल्या की फुटतात, आतला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो. माणूस बसवा नाहीतर ओंडका, किडे तेवढेच!"

बाबांनी मागच्या दाराने पळ काढला, पण लोकांनी त्यांना धोतर धरून परत आणलं आणि त्याच खुर्चीवर बसवून ठेवलं. पोलीस येईपर्यंत येणारा-जाणारा विचारत होता, "काय महाराज, पोट कसं आहे?" ताई समोरच बसून डोळे भरून बघत होती. तिला भारी बरं वाटत होतं.

"ताई," धाकटा हळूच म्हणाला, "गोळ्या आणल्यास का गं?"

तिने त्याला थेट किडनीच्या डॉक्टरांकडे नेलं. किडनीवर सूज आली होती, पण थोडक्यात वाचली. गोळ्यांचं प्रमाण नव्याने ठरलं, जंतूंवर औषध मिळालं, जुलाब आटोक्यात आले. आईने या वेळी डॉक्टरांना सगळं आपणहून सांगितलं.

तेव्हा मंडळी, डोळ्यांना दिसलं म्हणून खरं मानू नका आणि दिसलं नाही म्हणून खोटं ठरवू नका. विचारा, तपासा. आणि डॉक्टरसमोर काही लपवू नका, कारण तुम्ही लपवाल तिथेच असले बाबा दुकान मांडतात.