पातं पुसणारा हात

हिराओकाआजोबांचा गळा डाव्या कानापासून खांद्यापर्यंत उघडा पडला होता. चटयांनी इतकं रक्त प्यायलं होतं की चालताना पायमोजे चिकटत होते. माझ्यासारख्या जुन्या वस्तू विकणाऱ्या बाईला असलं काही बघायला कशाला बोलावतात? तर खुनाची तलवार कुठल्या काळातली, कुणाच्या हातची, हे सांगायला. आमच्या कुराशिकी गावात ते सांगणारं दुसरं दुकान उरलेलं नाही. बाकीच्यांनी केव्हाच कॉफी विकायला घेतली.

तलवार म्यानात घालून लाकडी घोडीवर नीट ठेवलेली होती.

"सुनेचंच काम," फौजदार मिनोदा म्हणाला. "घरात दुसरं कुणी नव्हतं. तिच्या अंगावर रक्त. आणि सासऱ्याशी भांडणं तर अख्ख्या गल्लीला पाठ आहेत, काकू."

ती सून म्हणजे मित्सुए. माझ्या दुकानासमोर टोफू विकते. नवरा गेल्यावरही म्हाताऱ्याच्या शिव्या खात त्याचं सगळं केलं तिनं. बाजारातून आली, सासरे रक्तात पडलेले दिसले, उचलायला धावली, एवढंच तिचं म्हणणं. तिला कोठडीत टाकून झालं होतं.

मी तलवार उपसली. लवंगतेलाचा वास आला. पात्यावर तेलाचा हात अगदी पातळ, टोकापासून मुठीपर्यंत सारखा.

"हे पुसलंय कुणीतरी."

"पुसणारच की! पुरावा नको म्हणून."

"अरे बाळा, तू कधी स्वतःचे बूट तरी पुसलेत का? पुरावा लपवणारा फडकं मारतो आणि पळतो. इथं आधी कागदानं रक्त टिपलंय. मग दगडाची पूड मारून जुनं तेल काढलंय, मग नवं लावलंय. अर्धा तास तरी गेला असेल. मित्सुएला मासळीची सुरी धड धरता येत नाही."

"म्हाताऱ्यानंच सकाळी लावलं असेल."

"तो भजी तळायची असल्यासारखं तेल ओतायचा. हा कुनिमोतोचा हात आहे."

कुनिमोतो म्हणजे आमच्याकडचा पाती घासणारा कारागीर. एकेका तलवारीपाशी वर्ष वर्ष बसतो. रक्त राहिलं तर पोलाद गंजतं, आणि ते त्याला बघवलं नसणार. शेजारी माणूस घुरघुरत मरत होता आणि हा पातं पुसत बसला होता! माझं डोकंच फिरलं.

"तेलाच्या वासावर कोर्ट कुणाला फासावर देत नाही, काकू," मिनोदा हसला.

"मित्सुएला देईल ना?"



दुसऱ्या दिवशी दुपारी मी खुनाची तलवार घडवणाऱ्या लोहाराचीच एक आखूड तलवार फडक्यात गुंडाळून निघाले. आजोबांनी ती माझ्याकडे विकायला ठेवली होती. सहाशे वर्षांची, आणि कुनिमोतोनंच घासलेली. त्याच्या दारात मिनोदाला फोन लावला, म्हटलं, "नुसतं ऐक," आणि फोन तसाच पिशवीत टाकला.

"या, किनुयोसान," दगडावरून हात न उचलता कुनिमोतो म्हणाला. मऊ बोलणारा, वाळका माणूस.

"आजोबांनी काय केलं होतं रे तुझं?"

"दारू पिऊन त्या तलवारीनं बागेतला बांबू तोडायचे. मी दोनदा हात जोडले. ते हसले."

"म्हणून मारलंस."

"सुनेनं मारलं. पोलीस म्हणतात ना?" तो घंगाळातल्या पाण्यात बोटं बुडवत म्हणाला. "तिचं काय एवढं? तुरुंगात आयता भात मिळेल."

मी तलवार उपसून धार दगडी पायरीवर टेकवली. पुढं काही बोलायच्या आतच त्यानं झेप घातली. केसांना धरून माझं कपाळ घंगाळाच्या काठावर आपटलं, एकदा, दोनदा, आणि तोंड पाण्यात दाबलं. नाकात दगडाचा गाळ गेला. मूठ मात्र मी सोडली नव्हती. आंधळ्यासारखी तलवार पायरीवर हाणली. टण्णकन आवाज झाला.

त्यानं मला सोडलंच. असा ओरडला की मयताच्या घरीही तसं कुणी ओरडताना मी ऐकलं नव्हतं.

"अजून एक?" मी रक्त थुंकत म्हटलं आणि पुन्हा हाणली. पायरी झाकायला त्यानं हात मध्ये घातला. मला थांबता आलं नाही. त्याची दोन बोटं दगडावर पडली.

"थांबा! मीच मारलं. एका घावात मेला नाही, दोन घातले. आता ठेवा ती खाली. पाया पडतो."

ठेवली. सगळा जन्म जुन्या वस्तू जपण्यात गेला, आणि धारेला पडलेली खाच बघून मला अक्षरशः रडू आलं.

मिनोदा धावत आला तेव्हा कुनिमोतोचा हात मी टॉवेलात गुंडाळत होते. कुनिमोतोनं बोटांचं सोडून तलवारीचंच विचारलं.

"खाच केवढी आहे?"

"तांदळाच्या कणीएवढी."

"तीन महिने घासलं तर निघेल," तो म्हणाला. मग त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. टॉवेल लाल होत चालला होता. तेव्हा कुठे तो लहान पोरासारखा हमसून रडायला लागला, आणि रडत रडतच त्यानं मिनोदाला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

मला त्याची दया आली नाही. तोंड धुतलं आणि मित्सुएला आणायला गेले.