टेबलावरचं धान

चिमणी धानाचा दाणा सोलते तेव्हा टरफलाचे दोन तुकडे पडतात, आणि ते सारखे नसतात. एक मोठा, होडीसारखा खोलगट. दुसरा अरुंद, त्या होडीत बसेल असा. रायपूरच्या तात्यापारा भागातल्या आमच्या घराच्या उंबऱ्यावर दर वर्षी दिवाळीनंतर अशा होड्यांचा पातळ थर साचतो, कारण इथल्या रिवाजाप्रमाणे मी दाराच्या चौकटीला धानाच्या लोंब्यांची झालर टांगते. नवं पीक आलं की आधी पाखरांचा वाटा. माझी सगळी नोकरी बियाण्यांच्या प्रयोगशाळेत गेली, पण चिमणीइतकं स्वच्छ सोलणारं यंत्र मी पाहिलं नाही.

मार्गशीर्षात इरावतीचं, आमच्या मुलीचं, लग्न होतं. रिसेप्शन तिला ‘रस्टिक’ हवं होतं. डेकोरेशनवाला टेबलावर मधोमध ठेवायच्या सजावटीचे नमुने घेऊन आला. लाकडाच्या चकतीवर सुतळी गुंडाळलेली काचेची बाटली, चंदेरी रंग मारलेलं वाळकं गवत खोचलेला कंदील, आणि प्लॅस्टिकच्या सूर्यफुलांनी भरलेली वीतभर बैलगाडी. माझे यजमान भास्कर यांनी गाडी उचलून सगळीकडून पाहिली आणि बैल कुठे आहेत असं विचारलं.

“अंकल, बैल एक्स्ट्रा हैं,” तो गंभीरपणे म्हणाला.

मंदाकिनीवहिनी, माझ्या थोरल्या जाऊबाई, लग्नाच्या तयारीसाठी नागपूरहून आधीच येऊन राहिल्या होत्या. त्यांनी बाटलीकडे बोट दाखवलं. “आमच्या घरी घासलेटच्या बाटलीले अशीच सुतळी बांधत. तुमची पोट्टी तेच टेबलावर ठेवून राहिली.”

“बड़ी मम्मी, ये रस्टिक है, घासलेट नहीं,” इरावती म्हणाली. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत देते.

वहिनी आल्या होत्या त्याला दुसरंही एक कारण होतं. राज्य नवं झालं तेव्हा भास्करांच्या खात्याबरोबर आम्ही भोपाळहून रायपूरला आलो, दोन वर्षांसाठी म्हणून. पुढे हे घर विकत घेतलं तेव्हाही, मोक्याची जागा आहे, विकायला सोपं जाईल, असंच ते म्हणाले होते. आता जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. नागपूरला थोरल्या दिरांनी, म्हणजे दादांनी, आपल्याच इमारतीतला एक फ्लॅट आमच्यासाठी धरून ठेवला होता. लग्नानंतर इरावती बंगलोरला जाणार, मग तुमचं इथे आहे कोण, असं वहिनी रोज जेवताना विचारत. भास्कर “आधी लग्न होऊ द्या” म्हणून वरण वाढून घेत.

मला जायचं नव्हतं. हे मी कुणालाही बोलले नव्हते. भाऊ त्यांचा, गाव त्यांचं. आधी त्यांनी काय ते ठरवावं, असं मी स्वतःला सांगत आले होते.

डेकोरेशनवाल्याला निरोप देऊन इरावती दारातून परतली ती झालरीकडे पाहतच. टेबलांवर हेच हवं, तिने जाहीर केलं. मातीच्या बोळक्याभोवती धानाची वेणी आणि आत पणती. पेंढ्याशेजारी पणती मी साफ नाकारली. बोळक्यात पाणी आणि झेंडू, यावर तडजोड झाली. वहिनींना तेही पटलं नाही; पंगतीत दाणा असावा तर तो पानात, नुसता पाहायला नाही, असं त्यांचं म्हणणं. पण लोंब्या आल्यावर निवडायला त्याच आधी बसल्या.

शेजारच्या कलावतीबाईंनी मला वेणी घालायला शिकवलं होतं, तशा मी घातल्या. लोंब्या मोडू नयेत म्हणून त्या आधी ओल्या कराव्या लागतात, मग वाळवाव्या लागतात. प्रयोगशाळेत नमुने वाळवायची शिस्त माझ्या अंगात मुरलेली: ऊन नको, वारा हवा, एकीला दुसरी चिकटायला नको. त्या शिस्तीने पाहिलं तर घरात एकच जागा योग्य होती, पुढचा ओटा. झालरीच्याच आकड्यापासून खांबापर्यंत मी दोरी बांधली, वेण्या ओळीने टांगल्या, आणि आम्ही तिघं गंधारच्या, म्हणजे होणाऱ्या जावयाच्या, घरी बिलासपूरला गेलो. वहिनी घरीच थांबल्या.

दुपारी परतलो तेव्हा ओटा टरफलांनी पिवळा झाला होता. वेण्या जागच्या जागी होत्या, फक्त त्यांत दाणा नव्हता. वर्षानुवर्षं ज्या आकड्याशी चिमण्यांना जेवायला बोलावलं, तिथेच मी लग्नाची सजावट टांगली होती.

वहिनी दारात उभ्या होत्या. “चिवचिव तर मी ऐकली,” त्या म्हणाल्या. “पण मले वाटलं, लग्नघर आहे, किती मंगल वाटून राहिलं.”

भास्कर हसायला लागले ते ओट्यावरच बसले. इरावतीने एक वेणी काढून उन्हात धरली. दाण्यांचं ओझं गेल्याने लोंब्यांचे बारीक देठ मोकळे झाले होते आणि त्यांच्यातून ऊन जाळीसारखं पडत होतं. तिने बोळकं आणून त्याच्याभोवती ती वेणी गुंडाळली, दोन पावलं मागे सरली, आणि आता हात लावायचा नाही असं आम्हाला बजावलं.

“पाहुण्यायपुढे चिमण्यायचं उष्टं ठेवता?” वहिनी म्हणाल्या. मग थोडं थांबून, “पण दाणा वाया नाही गेला. चांगलं झालं.”

मी नागपूरच्या फ्लॅटला चिमण्या येतात का, असं विचारलं. कबुतरं येतात, म्हणून सगळ्या बाल्कन्यांना जाळी लावली आहे, असं त्या म्हणाल्या.

भास्कर केरसुणी घेऊन टरफलं गोळा करत होते. “पुढच्या वर्षी,” ते खाली बघतच म्हणाले, “झालर जरा मोठी करू. यांची संख्या वाढलेली दिसते.”

“पुढच्या वर्षी?” वहिनी म्हणाल्या. “भाऊजी, जूनमध्ये तर तुम्ही नागपूरले येऊन राहिले ना?”

केरसुणी थांबली. भास्करांनी वर पाहिलं, पण वहिनींकडे नाही, माझ्याकडे. आपल्या तोंडून काय निघून गेलं ते त्यांना कळलं होतं, आणि ते मागे घ्यायची त्यांना घाई दिसत नव्हती. तेवढ्यात एक चिमणी दोरीवर येऊन बसली, रिकाम्या वेण्या तपासून उडून गेली.

“वहिनी,” मी म्हणाले, “दादांना सांगा, तो फ्लॅट दुसऱ्या कुणाला देऊन टाका. आम्ही इथंच राहणार आहोत.”